पुसलेलं तेल

नातीचा तिसरा चेंडूही डावीकडे वळून कडेच्या नालीत गेला, आणि ते माझ्यामुळं झालं. जालन्यातल्या त्या बोलिंगच्या हॉलात मी झाडू-पोछा करते. सकाळी चेंडू सोडायच्या एका लांब लाकडी पट्टीवर तेल दिसलं. सांडलं असेल म्हणून घरचा ओटा पुसावा तसं सोड्याच्या पाण्यानं पुसून काढलं. चेंडू घसरत सरळ जावा म्हणून ते मुद्दाम लावतात, हे मला काय ठाऊक!

सामन्यात नेमकी तीच पट्टी नातीच्या वाट्याला आली.

"आजी, तेलच न्हाई हिच्यावर. कुणी पुसलं गं?"

"मला काय म्हाईत?" मी म्हणाले.

मग ती बरीच डावीकडे सरकून उभी राहिली आणि चेंडू उजव्या कडेला सोडू लागली, म्हणजे तो वळून मधोमध येईल. टोकाला मांडलेल्या पिना पडायला लागल्या, पण तोवर सामना हातचा गेला होता. तेल पुसणारी मी, खोटं बोलणारीही मीच, तिची सख्खी आजी.