तेल पाजलेला पट्टा

मिंगेलचा फोन आला तेव्हा मी गाळ्यात रबराची शीट कापत होतो. मशीन बंद केलं तरी मिंगेलचा आवाज वाऱ्यात तुटत होता. "पास्कल गेला," तो म्हणाला. "बोटीच्या पंख्यात जाळं गुंडाळलेलं, ते कापाया उतरला. वर आला तो आमी वढून काढला तवाच." अशा वेळी माणसं विचारतात, कसं झालं, घरी कळवलं का. मी विचारलं, "दोन्ही फिन पायात होत्या का?" मिंगेल म्हणाला, "एकच व्हती. का रं?" मी काहीतरी बोलून फोन ठेवला. या गोष्टीला आता सात आठवडे होतील. तेव्हा मी उत्तर दिलं नाही आणि नंतर मला पुन्हा कुणी विचारलं नाही.

पास्कल उत्तनजवळच्या चौक गावचा. तरुणपणी जहाजांखाली उतरून काम करणाऱ्या एका कंपनीत पाणबुड्या होता. पुढे ती नोकरी सोडून गावी आला आणि थोरल्या भावाच्या, मिंगेलच्या बोटीवर जाऊ लागला. कुणाच्याही बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की पाठीला सिलिंडर लावून, सुरी घेऊन हाच खाली जायचा. माझा भाईंदर पूर्वेला रबराच्या वॉशर आणि गॅस्केटचा गाळा आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तो तिथे आला आणि माझ्या टेबलावर, जेवणाच्या डब्याशेजारी, पाण्याखाली पोहताना पायात घालायची, वल्ह्यासारखी चपटी, हातभर लांबीची काळी फिन आपटली. टाचेमागून जाणारा तिचा पट्टा तडकला होता.

"कंपनीचा पट्टा टिकत न्हाय. तू बनव."

"मी गॅस्केट बनवतो हो."

"मग हे पायाचं गॅस्केट समज."

पहिला पट्टा मी इतका घट्ट केला की तो घालून पास्कल गाळाभर फटक फटक चालला आणि माझे कारागीर हातातलं काम टाकून हसत बसले. दुसरा सैल झाला. तिसरा जमला. नैसर्गिक रबराची जाड शीट, तिची दोन बोटं रुंद पट्टी, टोकांना स्टीलच्या कड्या, आणि टाचेमागे हाताचा अंगठा अडकवायला एक वळ, म्हणजे रबराचाच छोटा फासा. तयार झालेला पट्टा मी आठ दिवस मिठाच्या पाण्यात बुडवून, वजन टांगून ठेवायचो. मगच द्यायचो. तेव्हापासून दर पावसाळ्यात, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, मी नवी जोडी घेऊन चौकला जायचो. त्याची बायको, फिलोमिना वहिनी, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढायच्या, आणि पास्कल गावभर सांगायचा, "हा माझा रबरवाला. याच्या पट्ट्यावर माझा पाय हाय."

एकदा त्याच्याबरोबर बोटीवर गेलो होतो. उतरण्याआधी त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, मग टाचेमागच्या वळात अंगठा घालून पट्टा ओढला आणि सोडला. टच् असा कोरडा, स्वच्छ आवाज आला. दुसऱ्या पायाचाही आला, तेव्हा तो पाण्यात गेला. मिंगेल म्हणाला, तो आवाज ऐकल्याशिवाय हा उतरत नाही. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

यंदा आषाढात मी रिकाम्या हाताने गेलो. काही मोठं कारण नव्हतं. काम होतं, कंटाळा होता, उद्या करू म्हणत राहिलो. पास्कल ताडपत्रीखाली मिंगेलच्या बोटीला माशाचं तेल लावत होता. तिथले लोक वर्षानुवर्षं लाकूड असंच जपतात. समुद्र सुरू होण्याआधी बोटीला पोटभर तेल पाजतात. त्याच चिंधीने तो माझे गेल्या वर्षीचे पट्टे पुसत होता. प्रेमाने, वळाच्या आतपर्यंत.

"वर्सभर खाऱ्यात असतात. बोटीला पाजतो तसं यांनाबी पाजलं. महिना झाला, रोज."

नैसर्गिक रबराला तेल चालत नाही. माझ्या गाळ्यात कालच लागलेल्या माणसालासुद्धा हे पहिल्या दिवशी सांगतात. रबर तेल पितं, फुगतं, मऊ पडतं. वरून छान चकाकतं आणि आतून त्याचा जीव जातो; पाण्याची ओढ बसली की असा पट्टा टाचेवरून निसटतो. मी पट्टा हातात घेतला. अंगठा दाबला तर तिथे खळगा उमटला आणि हळूहळू भरून आला. पास्कलने पट्टा ओढून सोडला. आवाज आला, पण ओल्या कापडासारखा. आम्ही दोघांनीही तो ऐकला.

"चालंल ना या साली?" त्याने विचारलं.

नाही म्हटलं असतं तर नवी जोडी का आणली नाही ते सांगावं लागलं असतं. मनात म्हटलं, पंधरा दिवसांत करून आणू, म्हणजे हे बोलायचीच गरज नाही. मी म्हणालो, "चालेल."

नवी जोडी मी केली. मिठाच्या पाण्यातून काढली आणि गाळ्यातल्या खिळ्याला टांगली. चौक काही लांब नाही. एका रविवारी पाऊस होता, एका रविवारी पाहुणे... समुद्र सुरू झाला. पट्टे खिळ्यालाच होते. मग फोन आला.

त्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं, पाण्याला ओढ होती. सगळे म्हणतात पाण्याने नेला. फिन कदाचित नंतर, त्याला वर काढताना निघाली असेल. हे मी स्वतःला रोज सांगतो आणि मला ते पटत नाही.

पास्कलला जाऊन महिना झाला त्या दिवशीच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, चौकला गेलो. प्रार्थना झाल्यावर घरात वहिनी, मिंगेल आणि मी असे तिघंच उरलो. वहिनींनी आतून त्याच्या पायात उरलेली ती एक फिन आणली. पट्टा आरशासारखा चकाकत होता. "तो लावायचा तसं रोज तेल लावतंय," त्या म्हणाल्या. मिंगेल म्हणाला, "याच्या जोडीची एक मिळवतो. पुढल्या उधाणापासून मीच उतरीन, गावात दुसरा हाय कोण? पट्टा तर चांगला दिसतोय. चालंल ना रं?"

तेच शब्द, तसाच सहज विचारलेला प्रश्न.

"वहिनी," मी म्हणालो, "तेल लावू नका."

"का?"

मी सगळं सांगितलं. आषाढातली भेट, खळगा, तो आवाज, खिळ्यावरची जोडी. मिंगेल उठून दारात जाऊन पाठमोरा उभा राहिला. वहिनींनी मांडीवरच्या फिनकडे पाहत विचारलं.

"त्याला ठावं व्हतं?"

"नाही."

"तुमाला?"

"हो."

त्यांनी हातातली चिंधी घडी करून बाजूला ठेवली. मग फिन उचलून माझ्या हातात दिली. "घेऊन जा. माझ्या डोळ्यांसमोर नको, तुमच्या ऱ्हाऊ दे." भाकरी त्या दिवशीही वाढली. मला खाता आली नाही आणि त्यांनी आग्रह केला नाही.

खिळ्यावरची जोडी दुसऱ्या दिवशी मी मिंगेलला नेऊन दिली. त्याने दोन्ही पट्टे ओढून सोडले, आवाज ऐकला आणि आत गेला. रिकाम्या खिळ्याला आता पास्कलची फिन आहे. रोज सकाळी गाळा उघडला की मी टाचेमागच्या वळात अंगठा घालतो, पट्टा ओढतो, सोडतो आणि थांबतो. आवाज येत नाही. रबर आता इतकं मऊ पडलंय की खळगा भरून येत नाही. वळाच्या आत, जिथे त्याचा अंगठा असायचा तिथे, माझ्या अंगठ्याचा ठसा राहिला आहे.