हरवलेली बोरमाळ आणि गार झालेला चहा

त्या बोरमाळेची आठवण निघाली की मला सोनं आठवत नाही. आठवतो तो माझ्या टेबलावर साय धरून गार झालेला एक कप चहा. ज्या बाईसाठी तो मागवला होता, तिने त्याला हात लावला नव्हता. चूक तिची नव्हती, माझी होती. नोकरीत तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाने एवढं छापून कबूल करायला हरकत नसावी. नावं मात्र कोणाचीच देत नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून त्याच गावांत राहतात आणि बाजारात भेटली की रामराम घालतात.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी सहायक निरीक्षक होतो. दिवसभरात येणारे निम्मे फोन बिबट्याचे आणि उरलेले बांधाच्या भांडणाचे. ठाणे अंमलदार दोन्हींची नोंद सारख्याच चेहऱ्याने घ्यायचा. अशा एका सकाळी खोडदकडचा एक बागायतदार बायकोला घेऊन आला. हातात मोबाइल, मोबाइलवर फोटो. फोटोत त्याची आई आणि आईच्या गळ्यात सोन्याची बोरमाळ.

त्याची हकिगत अशी. दोन आठवड्यांपूर्वी सगळं घर गोव्याला गेलं होतं. समुद्राकाठचं मोठं रिसॉर्ट, राहणं-खाणं-पिणं सगळ्याचे पैसे आधीच भरलेले. चार दिवस तिथे कोणी खिशात हात घालायचा नाही. पंचाहत्तरीच्या आईने समुद्र पाहिला नव्हता, म्हणून मुलाने हौसेने विमानाने नेलं. मागे घर आणि गाई सांभाळायला होती ती वीस वर्षं त्यांच्याकडे कामाला असलेली मावशी. घरात सगळे तिला मावशीच म्हणत. सहल छान झाली. काल आजी दोन दिवसांसाठी भावाकडे गेल्या, तेव्हा सुनेने बोरमाळ पॉलिशला द्यावी म्हणून त्यांची पेटी उघडली. बोरमाळ नव्हती.

"किल्ली कुठे असते हे कोणाला ठाऊक?" मी विचारलं.

"आईला, हिला आन मावशीला," मुलगा म्हणाला. मग खुर्ची पुढे ओढून त्याने आवाज उतरवला. "सायेब, एकच इनंती. आईला यातलं काही कळू देऊ नका. मागच्या वर्षी झटका येऊन गेलाय तिला. डाक्टर म्हनलेत, जिवाला लागंल असं काही सांगायचं न्हाई."

मुलाचा आईवर जीव होता, ते डोळ्यांत दिसत होतं. मी हो म्हणालो. आजी परतायच्या आत पंचनामा उरकला. पेटीचं कुलूप शाबूत, कुठे ओरखडा नाही. म्हणजे घरातलं कोणीतरी. ज्याची वस्तू गेली त्याचा जबाब पहिला घ्यायचा, हे नव्या शिपायालाही शिकवतात. मी तेवढंच सोडून बाकी सगळं व्यवस्थित केलं.

दुसऱ्या दिवशी खबर आली. गावातल्याच एकाने फोन करून सांगितलं, "सायेब, त्या बाईच्या पोरीचं जमतंय. परवा जुन्नरला सराफाच्या दुकानात दिसली व्हती. आन आता गावी जाऊन बसलीय." मावशीचं गाव आंबेगावच्या बाजूला, शिनोलीच्या पुढे डोंगराकडे फुटणाऱ्या रस्त्यावरची एक वाडी. किल्ली ठाऊक, लेकीचं लग्न, सराफाचं दुकान आणि वर गावी निघून गेलेली. मी तेव्हा माझ्या नजरेवर भलताच खूश असायचो. मला वाटलं, गुन्हा संध्याकाळपर्यंत निघतो.

तिथल्या ठाण्याला कळवून, महिला हवालदारांना बरोबर घेऊन आम्ही वाडीत गेलो. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जाऊन विचारायचं असतं. हा नियम मला पाठ होता. तरी मी म्हणालो, "मावशी, दोनच प्रश्न आहेत, येता का जरा?" पोलिसाने असं विचारल्यावर नाही कोण म्हणतं? ती डोक्यावर पदर घेऊन जीपमध्ये बसली. शेजारपाजारच्या बायका भाताची खाचरं सोडून बांधावर येऊन उभ्या राहिल्या. तिची लेक दारातच होती.

ठाण्यात मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. पन्नाशीची, सावळी, हात कामाने राठ झालेले. सगळी उत्तरं सरळ. सराफाकडे का गेली? लेकीची जोडवी करायला टाकलीत. गावी का आली? पोरीला बघून गेलेत, सुपारीची तयारी करायची. घरात कोणी आलं-गेलं? न्हाई. गाईचं दूध मोजून घातलं, रोज दिवा लावला. मग मी विचारलं, "ही माणसं गोव्याला निघाली त्या दिवशी बोरमाळ पेटीत होती का?"

तिने पदर घट्ट ओढून घेतला. खाली बघत राहिली.

"सायेब, ते मला इचारू नका."

मी तीनदा विचारलं. कधी समजावून, कधी जरा आवाज चढवून. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण उत्तर तेच. मी वहीत लिहिलं, संशयित इसम नेमक्या प्रश्नाचं उत्तर टाळते. मनात म्हणालो, सापडली.

दिवस मावळायच्या आत तिला घरी पोहोचवायला लावलं. महिला हवालदार परत आल्या आणि माझ्या टेबलावरचा कप उचलता उचलता म्हणाल्या, "साहेब, ही चोर नाही वाटत."

"कशावरून?"

"चोर चहा घेतो. आपल्याला बरं वाटावं म्हणून दोन घोट तरी घेतोच. हिने कपाकडे बघितलंसुद्धा नाही. राग आलाय तिला."

मी हसण्यावारी नेलं, पण ते बोलणं डोक्यात राहिलं. सकाळी सराफाकडे जाऊन आलो. चांदीची जोडवी, दुसरं काही नाही. जुनी जोडवी मोडीत देऊन नवी करायला टाकलेली. त्याच दुपारी शिनोलीकडून निरोप आला की मुलाकडचे म्हणतायत, सुपारीचं जरा थांबवू. जमत आलेलं लग्न माझ्या जीपच्या एका फेरीने अडलं होतं. रात्री जेवण गोड लागलं नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

आता एकाच माणसाला विचारायचं राहिलं होतं. आजी भावाकडून परतल्याचं कळलं होतं. ज्येष्ठ नागरिकांच्या घरी अधूनमधून पोलिसांनी भेट द्यायची असते, त्याचं निमित्त केलं. मुलगा टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेला होता. सून घाबरली, मी तिला डोळ्यांनीच धीर दिला. आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, हसऱ्या. आणि उजव्या मनगटाला निळा प्लास्टिकचा पट्टा.

"आजी, हे काय बांधलंय?"

"आवं, ह्यो गोव्याचा पट्टा." त्यांनी हात पुढे केला. "सून म्हनती कापून टाका. म्या न्हाई कापू दिला. ह्यो हातात असला की कुठंबी जेवायला बसा, कोनी काही इचारत न्हाई."

सून पदराआड हसली. मी पायरीवर टेकलो, दोन शेंगा उचलल्या आणि म्हणालो, "मग कसा वाटला समुद्र?"

वीस मिनिटं मला एक प्रश्नही विचारावा लागला नाही. लाटेने पायाखालची वाळू ओढून नेली तेव्हा त्यांनी मुलाचा हात कसा घट्ट धरला, नातू दिवसभर त्या निळ्या टाकीतच कसा पडून असायचा, जेवणाची भांडी कशी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्यांचा आवाज जरा खाली आला.

"पर एक गोष्ट मनाला लागत व्हती. चार दिस त्या मानसांनी आमाला खाऊ घातलं. न्यारी, जेवान, च्या, पुन्यांदा जेवान. आन पैसं म्हनून कुनी मागितलं न्हाई. लेक म्हनला, आई, सगळं यातच आलं. यातच म्हंजी कशात? ह्या पट्ट्यात?" त्यांनी पट्ट्यावर बोट आपटलं. "आमचं ताट उचलनारी एक पोर व्हती. कोकनातली, लई गुनाची. मला आजी म्हनायची. सातवा महिना, पाय सुजल्यालं, तरी उष्टं काढती. येवढं खाऊन तिच्या दारातनं रिकाम्या हातानं कसं निघायचं, तुमीच सांगा."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग काय केलंत?"

"दर्याची ओटी भरायला नारळ-खण नेला व्हता. तिथला शिपाई म्हनला, पान्यात काही टाकायचं न्हाई. म्हनलं बरं, निघायच्या दिशी त्या पोरीचीच ओटी भरली."

"ओटीत काय घातलं?"

आजींनी सुनेकडे पाहिलं. मग सूप बाजूला सारलं.

"बोरमाळ घातली. मला बी ती अशीच आली व्हती. माझ्या सातव्या महिन्यात सासूनं ओटीत घातली. पोर न्हाई न्हाई म्हनत व्हती, म्या तिच्या पदराला गाठ मारली आन गाडीत बसले. लेक वरडंल म्हनून कुनाला बोलले न्हाई."

"पण बोरमाळ तर पेटीत होती ना?"

"घरचं कुनी नसताना सोन्याचा डाग घरात कोन ठेवतं? मावशीनंच माझ्या कमरंच्या पिशवीत शिवून दिली. म्या तिला शप्पत घातली व्हती, ह्या पोरांना सांगू नको, हसत्याल मला."

सुनेने कपाळावर हात मारला. मला माझ्या वहीतलं ते वाक्य दिसत होतं, उत्तर टाळते. ती उत्तर टाळत नव्हती. दिलेला शब्द पाळत होती, तोही पोलीस ठाण्यात, लेकीचं लग्न पणाला लागलेलं असताना. माझी मान वर होईना.

आजींना सांगणं भाग होतं. सुनेला पाण्याचा तांब्या आणायला लावला, गोळ्या कुठे आहेत विचारून घेतलं आणि होतं तेवढं सगळं सांगितलं. मावशीला मी ठाण्यात नेलं हेही. आजींनी मांडीवरची टरफलं झटकली. मग भिंतीला धरून उठल्या आणि पायाने चपला चाचपू लागल्या.

"गाडी आनलीय का? चला."

आम्ही सगळे त्यांच्या झटक्याला भीत होतो आणि त्या माझ्याआधी जीपपाशी जाऊन उभ्या. मी कसंबसं थांबवलं, आधी खात्री करू द्या म्हणालो. रिसॉर्टला फोन लावला. तिथल्या व्यवस्थापकाने सुटकेचा श्वासच सोडला. त्या पोरीने त्याच दिवशी बोरमाळ त्याच्याकडे आणून दिली होती. नारळ, तांदूळ आणि खण तेवढे आपल्याकडे ठेवले होते. ते लोक दोन आठवडे मुलाला फोन करत होते. आणि मुलगा? पुढच्या वर्षीची ऑफर द्यायला करत असतील, असं समजून तो प्रत्येक फोन कापत होता. आईला त्रास नको म्हणून मुलगा गप्प, मुलगा रागावेल म्हणून आई गप्प, शब्द दिला म्हणून मावशी गप्प, आणि मी एकटा हुशार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जीपने वाडीत गेलो. पूर्ण गणवेशात, मुद्दाम. पोलीस पाटलाला सांगून मुलाकडच्यांना बोलावून घेतलं होतं. त्या दिवशी बांधावर उभ्या असलेल्या बायकाही आल्या. आजी आणि त्यांचा मुलगा माझ्या मागे. मी मावशीच्या अंगणात उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "या बाईंनी काही घेतलेलं नाही. ज्यांची वस्तू त्यांना न विचारता मी यांना घेऊन गेलो. माझं चुकलं."

गणवेशात हे दोन शब्द मी त्याआधी कधी उच्चारले नव्हते. वाटलं होतं तितके जड नव्हते ते.

आजी मावशीच्या गळ्यात पडून रडल्या. "अगं, सांगायचं न्हाई का?"

"तुमी शप्पत घातली व्हती," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आन सायेब, तुमी आजींना इचारलं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं की."

मी मान डोलावली. लेकीचा होणारा सासरा पुढे आला आणि म्हणाला, "आमचं बी चुकलंच म्हना. सुपारी ह्याच सोमवारी करू." मावशीची लेक आत पळाली.

पुढचं कागदोपत्री काम सरळ होतं. गुन्हा गैरसमजुतीतून दाखल झाला असा अहवाल न्यायालयात पाठवला, बोरमाळ रीतसर परत आली. आजी मात्र ती गळ्यात घालेनात. ओटीत घातलेलं माघारी घ्यायचं नसतं, यावर अडून बसल्या. शेवटी मुलानेच तोड काढली. माळेतले दोन मणी काढून गोव्याच्या पोरीला तिच्या बाळासाठी पाठवले आणि दोन मावशीच्या लेकीच्या मंगळसूत्रात ओवले. मग आजींनी उरलेली माळ पेटीत ठेवू दिली.

त्यानंतरच्या दोन वर्षांत माझ्याकडे चोरीची जी तक्रार आली, तिच्यात मी पहिला जबाब वस्तूच्या मालकाचा घेतला, मग घरचे काही म्हणोत. आणि समोरचा माणूस गप्प बसला की लगेच वहीत काही लिहिलं नाही. गप्प बसायला चोरीखेरीज पुष्कळ कारणं असतात, त्यातली काही फार चांगली असतात. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कळायला हवं होतं.

त्या सकाळी वाडीतून निघताना मी जीपकडे वळलो, तर मावशीने हाक मारली. घरातून दोन कप घेऊन ती उंबऱ्यात उभी होती.

"बसा सायेब. त्या दिशी तुमचा च्या म्या घेतला न्हाई. आज आपून दोघं बी घेऊ."

मी अंगणात टोपी काढून बसलो. ती समोर बसली, आणि मी कप तोंडाला लावायच्या आधी तिने पहिला घोट घेतला.