स्वप्न कुठलं हवं?

आमच्या लहान मुलांच्या आयसीयूत पेशंट बहुतेक झोपलेले असतात, म्हणून तिथे किस्से कमी असतील असं लोकांना वाटतं. छे! झोपेतून परतणारी मुलं इतकं काही घेऊन येतात की सांगता सांगता चहा गार होतो. मी तिथली ज्युनिअर डॉक्टर, त्यामुळे माझ्या वाट्याला तसाही गारच येतो.

या सगळ्याच्या मुळाशी आमच्या सुलभा सिस्टर. झोपेचं औषध देण्याआधी त्या मुलाच्या केसांतून हात फिरवत विचारतात, "स्वप्न कुठलं हवं?" मला आधी हसू यायचं. आम्ही वजनावर डोस काढणारी माणसं, आणि सिस्टर स्वप्नांची ऑर्डर घेतात!

*

कोथरूडचा एक पाच वर्षांचा मुलगा. भाजलेल्या पायाचं ड्रेसिंग करायचं म्हणून केटामीन दिलं. त्यात दुखत नाही, पण डोळे उघडे ठेवून माणूस भलतीकडेच फिरून येतो. यानं समुद्र मागितला होता. परत आला तो टक लावून आमच्या सरांकडे बघत म्हणाला, "काका, तुम्ही तिघं आहात. आणि तिघांनाही केस नाहीत!"

सर म्हणाले, "निरीक्षण बरोबर आहे. वॉर्डात हलवायला हरकत नाही."

*

सदाशिव पेठेतल्या एक आई. मुलगी व्हेंटिलेटरवर. मी धीर देत म्हटलं, "झोपेचं मिडाझोलाम चालू आहे, तिला यातलं काही आठवणार नाही."

"उत्तम. मग मलाही एक चमचा द्या!"

आम्ही हसलो, त्या हसल्या नाहीत. मुलगी बरी होऊन गेली. आई अजून दिवाळीला चकल्या आणतात आणि बेड नंबरसकट सगळं सांगतात.

*

आणि सना. सात वर्षांची, न्यूमोनियानं दोन्ही फुप्फुसं भरलेली. वडील रशीदभाई घड्याळं दुरुस्त करतात, भवानी पेठेत छोटंसं दुकान. श्वासाची नळी घालण्याआधी सिस्टरांनी विचारलं, तर धापा टाकत म्हणाली, "अब्बूंचं दुकान. सगळी घड्याळं चालू."

पुढे फुप्फुसं सुधारली, पण मिडाझोलाम कमी केलं की ती तडफडायची, नळी ओढायची, वडिलांना बघून घाबरायची. ओळखच नाही. मी भिऊन डोस वाढवायचे. सरांनी चार्ट बघितला. "अहो डॉक्टर, तुम्ही तिला झोपवताय की हरवताय? औषध बदला."

मिडाझोलाम हळूहळू उतरवत डेक्समेडेटोमिडिन सुरू केलं. यातली झोप हलकी, हाक मारली की डोळे उघडावेत अशी. पण हृदयाचे ठोके मंदावतात. मी मॉनिटरसमोर बसून राहिले. त्या हिरव्या रेषेकडे बघता बघता मीच कुठेतरी तरंगत होते.

रशीदभाई सकाळपासून बाहेरच्या बाकावर असायचे.

"दुकान?" मी एकदा विचारलं.

"बंदच ठेवलंय. सनाला सांगू नका, तिला नाही आवडणार." मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, परत येईल ती आमचीच सना असेल ना?"

मी आत जाऊन पुन्हा मॉनिटरसमोर बसले. फार वाईट वाटलं.

नळी निघाली. दोन दिवस ती नुसती छताकडे बघत होती. अब्बू शेजारी बसलेत, याचा तिला पत्ताच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी उन्हाचा कवडसा तिच्या चादरीवरून सरकत होता. सिस्टरांनी केसांतून हात फिरवला. "सना, स्वप्न पडलं का गं?"

"पडलं." आवाज घोगरा. "पण आत जाताच आलं नाही. दुकानाला कुलूप होतं."

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

मग तिनं मान वळवली. "अब्बू, चावी हरवली का?"

रशीदभाईंनी खिसा चाचपला आणि चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली.