फट कुठवर गेली?

आमच्या ऑफिसात माणसं तीन आणि हिवाळा सहा महिन्यांचा, त्यामुळे किस्से साठतच जातात. कोलोरॅडोच्या डोंगरात कुठला बर्फ कधी घसरेल याचा अंदाज देणं हे आमचं काम. बॉस डग, सहकारी मेगन आणि मी. गावात मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून किस्से सांगायलाही कोणी नसतं. आज तुम्ही सापडलात!

*

पार पूर्व किनाऱ्याजवळच्या पार्सिपनीत राहणाऱ्या सुधामावशीला माझं काम काही केल्या कळत नाही.

"तू नेमकं करतेस काय गं?"

"बर्फात खड्डा खणते, मधल्या कच्च्या थरात करवत घालते आणि फट कुठवर पळते ते बघते. टोकापर्यंत गेली तर उतार धोक्याचा. मध्येच थांबली तर त्यातल्या त्यात बरं."

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि याचा पगार देतात?"

*

पहिल्या वर्षी मी एकाच खड्ड्यात तीनदा टेस्ट केली. दोनदा फट वीतभर जाऊन थांबली, कारण वरचा थर मध्येच तुटला. तिसऱ्यांदा मात्र सर्रकन टोकापर्यंत! तरी मी खूश. "टू आउट ऑफ थ्री! उतारावर जाऊ या?"

डगने स्की उलट्या वळवल्या. "डोंगर बेस्ट ऑफ थ्री खेळत नाही."

आम्ही लांबच्या वाटेने घरी आलो.

*

एका रविवारी सपाट माळावर एकटीच गेले होते. पाऊल टाकलं आणि व्हम्फ! खालचा थर बसला, अख्खा माळ बोटभर खचला आणि फट थेट झाडांपर्यंत पळाली. मी दचकून मोठ्याने म्हणाले, "सॉरी!"

आसपास चिटपाखरू नव्हतं. शुक्रवारनंतर मी तोंडातून काढलेला तो पहिला शब्द होता. त्या दिवशी फार एकटं वाटलं.

सोमवारी डगला सांगितलं. तो म्हणाला, "मग, उत्तर आलं का?"

*

माझा नवरा निखिल तिकडे पूर्वेला अ‍ॅशबर्नला असतो, डेटा सेंटरमध्ये. व्हिडिओ कॉलवर त्याचा चेहरा माझ्याकडे आणि डोळे दुसऱ्या मॉनिटरवर.

"आज फट मध्येच थांबली रे!"

"अच्छा. रीस्टार्ट केलंस का?"

फेब्रुवारीत मात्र त्याने मॉनिटर बंद केला. "मृणाल, सीझन संपल्यावर तू परत येणारेस का? नसशील तर तसं सांग यार. असं अर्धवट मला जमत नाही."

मला हो म्हणता आलं नाही, नाहीही म्हणता आलं नाही. फोन ठेवून मी खूप रडले.

*

मार्चमध्ये उत्तर घ्यायला तो स्वतःच आला. बोलायचं कसं ते दोघांनाही सुचेना, म्हणून मी त्याला कामावर घेऊन गेले. खड्डा खणला. फट चार बोटं गेली आणि थांबली. पुन्हा केलं, पुन्हा थांबली. समोरचा उतार छोटासा, धोका जवळजवळ नाहीच. पण नियम तो नियम. एका वेळी एकानेच ओलांडायचा, आणि मागे थांबलेल्याने त्याच्यावरून नजर हटवायची नाही.

"हटवायची नाही म्हणजे अजिबात नाही," मी बजावलं. "मी गाडले गेले तर शेवटची कुठे दिसले ते तुलाच सांगावं लागेल."

नीट दिसावं म्हणून निखिलने गॉगल कपाळावर चढवला.

मी निघाले. पलीकडे खडकाशी पोचले, श्वास घेतला आणि वळून पाहिलं. तो होता तिथेच, हातात वॉकीटॉकी, गॉगल कपाळावर.

"पोचले मी," मी वॉकीटॉकीवर सांगितलं. "नजर काढली तरी चालेल. आता तू ये."

तो हलला नाही.

"निखिल? ये ना!"

वॉकीटॉकी खरखरला.

"थांब गं. अजून बघतोय."