पालेगावची अर्धी घरटी

उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून आम्ही सहाजणी निघालो, तेव्हा टमटममध्ये (मोठ्या रिक्षात) माणसांपेक्षा डबेच जास्त. सांगते का ते. आमचं महिला मंडळ शहाडकडच्या एका छोट्या कारखान्याला जेवणाचे डबे पुरवायचं. कारखाना दुसरीकडे हलला, गिऱ्हाईक गेलं. आता बदलापूरला नदीकाठी शेवटचं एकत्र जेवायचं नि मंडळाला कुलूप लावायचं, असं आमच्या अध्यक्ष शालूताईंनी ठरवलं. पण हाताला सवय ना! पहाटे पिठलं-भाकरी झाली ती कारखान्याच्या अख्ख्या पाळीला पुरेल एवढी.

अंबरनाथ सोडून पालेगावात शिरलो नि टमटम पंक्चर. उतरलो. नव्या टॉवरांच्या मधे एक भातखाचर उरलंय, आणि विजेच्या तारेला चक्क सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबतायत!

"ही तर बाभळीवर असायची गं," मी म्हटलं.

"बाभळीच नाहीत, तर काय रुसून बसतील?" आमच्यातली मंदा म्हणाली. "पण ही अर्धवट का?"

मी खेड्यात वाढलेली. म्हटलं, "नर अर्धंच विणतो. मादी येऊन बघते. पसंत पडलं तर पुरं करतो, नाहीतर दुसरं विणायला घेतो."

"आणि आपण मेल्या, आधीच ढीगभर रांधून ठेवतो!" मंदा म्हणाली.

हसून पुरेवाट.

चाक बदलायला डबे खाली उतरवले, तर वासानं टॉवरमधून एक मुलगी आली. घरूनच ऑफिसचं काम करते म्हणे. "काकू, हे पिठलं विकताय?" आम्ही डबाच दिला. तिथंच उभ्याउभ्या दोन घास खाऊन म्हणाली, "मस्त! पण तिखट खूप आहे. आणि भाकरी एकच बस."

शालूताईंचा पारा चढला. "आजवर कुणी नावं ठेवली नाहीत!"

"अहो शालूताई, मादीनं नाक मुरडलं म्हणून तो नर भांडत बसतो का?" मी म्हटलं.

बदलापूरला उल्हास नदी काठोकाठ होती. पाण्यात पाय सोडून पोटभर जेवलो. कुलपाचा विषय कुणी काढेना. हात धुताधुता शालूताई मंदाला हळूच विचारत होत्या, "मिरच्या किती घातलेल्यास गं?"

परतताना पालेगावला त्यांनीच टमटम थांबवली. ती मुलगी रिकामा डबा घेऊन खाली आली, सोबत दोघी मैत्रिणी.

शालूताई पदर सावरून म्हणाल्या, "उद्या कमी तिखटाचं आणते. थोडंच आणते. आवडलं तर सांगा, नाही आवडलं तरी सांगा."

मंडळ मोडायला निघालो होतो बघा आम्ही. आणि इतक्या वर्षांत खाणाऱ्याला असं विचारलं ते आज पहिल्यांदा.