जड हाय, ठेव

माझ्या हातात भरलेली बादली दिसली, की माझ्या सासूबाई असतील तिथून धावत येऊन ती हिसकावून घ्यायच्या. "ठेव गो, जड हाय!" त्या सत्तरीला टेकलेल्या, मी पंचेचाळिशीही न गाठलेली. पाहुणे तोंडात बोटं घालायचे. मी मेली लाजेनं अर्धी व्हायचे.

खरं तर ही बाई हुकूम सोडणारी. टेमघर गावातली आमची शेतं गेली, तिथं कापड विणणाऱ्या लूमचे गाळे उभे राहिले, तरी गल्लीत शब्द त्यांचाच चालायचा. कुणाच्या अंगावरून जास्त जायला लागलं, की सल्ला ठरलेला: "पिशवी काढून टाक, मोकळी हो!" स्वतः रिक्षात घालून ऑपरेशनला न्यायच्या, वर डबाही पोचवायच्या. दोन मुलांनंतर माझाही नंबर लागला. मी तेव्हा नुकती तिशी ओलांडली होती. "सगळं साफ करून टाकलंय," असं डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी दवाखानाभर पेढे वाटले.

आमच्या घरात पहिला मोबाईल आला त्या वर्षी मी मोरीत घसरले आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी पाठ ठणकायची थांबेना. इथल्या डॉक्टरनं वय झालं म्हणून गोळ्या दिल्या. सासूबाई भडकल्या. "वय माझं झालंय, हिचं न्हाय!" ठाण्याला हाडांचा मोठा डॉक्टर शोधून त्या मला घेऊन निघाल्या. वाटेत काल्हेरपर्यंत ट्रकच ट्रक. रिक्षा खड्ड्यात आपटली की त्या माझ्या पाठीमागं हात धरायच्या.

मशीनवर तपासणी झाली. हाडं पार ठिसूळ झाली होती. डॉक्टरांनी पाळी कधी थांबली ते विचारलं, मी ऑपरेशनचं सांगितलं. "पिशवीबरोबर अंडाशयंही गेलेली दिसतात," ते म्हणाले. "हाडं राखणारं जे अंगात तयार होतं, ते तेव्हाच आटलं."

सासूबाई खुर्ची पुढं ओढून बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "माझी बी तपासा."

त्यांची हाडं माझ्यापेक्षा बरी निघाली. बाहेर बाकावर बसून त्या पदर तोंडाला लावून रडल्या. "माझी चांगली निघाली गो. लाज वाटते."

मला राग आला होता, का खोटं बोलू? परतताना त्यांनी पाठीमागं धरलेला हात मी बाजूला सारला. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. तो अर्धा तास सासूबाई माझ्यासमोर बसून राहायच्या. त्यांचा चहा निवून जायचा. घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "तुझा झाल्याबिगर माझा कसा?" या बाईवर रागवायचं तरी कसं!

एकदा मी म्हटलं, "आई, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?"

"माहीत नव्हतं, तं एवढ्या मोठ्यानं कशाला बोलले?"



मग शेजारची सून सविता आली. तिलाही अंगावरून जास्त जायचं. "आजी, मला कधी नेताय?" ओटीवर चार बायका बसलेल्या, त्यातल्या तिघी सासूबाईंनीच ऑपरेशनला नेलेल्या. सासूबाईंनी माझा हात धरून मला पुढं ओढलं. "हिला बघ. माझं ऐकलं, हाडांचा भुगा झाला. माझं ऐकू नको. आधी ठाण्याला बायकांच्या डॉक्टरला दाखवू."  त्या तिघींतली एक बाई उठून निघून गेली, ती पुन्हा आमच्या घरची पायरी चढली नाही. सविता गोळ्यांनी बरी झाली. त्याचा आनंद सासूबाईंना झाला, पण निघून गेलेल्या बाईच्या दाराकडे बघणं काही त्यांचं सुटलं नाही.

शेवटच्या दुखण्यात त्यांना कूस बदलणंही जमत नव्हतं. डोळे मिटलेलेच असायचे. पाणी पाजायला मी उशाचा तांब्या उचलला, तर भांड्याच्या आवाजानं त्यांनी डोळे उघडले. हात पुढं केला. मला वाटलं, तहान लागलीय. मी तांब्या तोंडाशी नेला, तर त्यांनी तो खालून धरला आणि पुटपुटल्या, "दे इकडं. जड हाय, ठेव."