जिमखान्याला पैसे नाहीत

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बोलणं इलेक्शनवरून सुरू होवो की कुणाच्या गुडघेदुखीवरून, चहा संपेपर्यंत ते जिमखान्यावर येतंच. याला कारण आमचे फिजिकल डायरेक्टर हिरेमठ सर. मी अकाउंटन्सी शिकवतो, म्हणून मला जिमखान्याचा खजिनदार केलं. खजिनदाराचं काम एकच: सर काही मागायला आले की "पैसे नाहीत" म्हणायचं. शहराच्या विद्यानगर भागातल्या मोठ्या कॉलेजांच्या टीम एसी बसमधून फिरतात. आमच्याकडे किस्से आहेत. दरवर्षी त्यात भर पडते, आणि जुने काही कमी होत नाहीत.

०

कबड्डी मॅटवर खेळायची असा नियम आला, तेव्हाची गोष्ट. मॅटची किंमत वाचून मी कोटेशन परत पाकिटात घातलं. सरांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत नेलं. तिथं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा रबराच्या वस्तूंचा कारखाना आहे. तो म्हणाला, "सर, रोख मागू नका. रिजेक्ट झालेल्या काळ्या शीट्स मागं पडल्यात, त्या न्या की."

आम्ही नेल्या. वास यायचा, पण पडलं तरी लागत नव्हतं. पोरं महिनाभर त्यावर खेळली आणि मग बाहेरच्या कॉलेजात खऱ्या मॅटवर मॅचला गेली. मॅच सुरू व्हायच्या आधीच समोरच्या टीमनं तक्रार केली, "ही पोरं काळे मोजे घालून उतरलीत."

रेफरी आला. आमच्या कॅप्टनच्या पायावरून त्यानं बोट घासून बघितलं आणि म्हणाला, "पाय तरी धुवून यायचे."

कॅप्टन म्हणाला, "धुतलेच आहेत सर."

०

फुटबॉलच्या जर्सीला एकदा स्पॉन्सर मिळाला, दातांचे डॉक्टर. जर्सीच्या पाठीवर कन्नडात छापलं होतं, "दात दुखतो? आजच फोन करा." खाली मोबाइल नंबर. पोरं जिथं खेळायला जातील तिथले प्रेक्षक ते मोठ्यानं वाचून दाखवायचे.

एका मॅचमध्ये आमचा गोलकीपर सलीम याला कोपर लागलं आणि पुढचा दात अर्धा तुटला. सरांनी त्याला तसाच, मातीनं माखलेल्या जर्सीत, त्या डॉक्टरांकडे नेला. डॉक्टर चांगला माणूस. दात नीट बसवून दिला, एक पैसा घेतला नाही. मग म्हणाले, "एक फोटो काढू या." सलीम नवा दात दाखवून हसला. डॉक्टरांनी त्याचे खांदे धरून त्याला भिंतीकडे वळवलं.

"डॉक्टर, दात पुढं आहे," सलीम म्हणाला.

"हो रे, पण नंबर मागं आहे."

०

धावणारी एक मुलगी ग्राउंडवर चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी सांगितलं, अंडी द्या. बजेटमध्ये अंडी बसत नव्हती. हिरेमठ सरांच्या घरात अंड्याचं नाव काढत नाहीत, पण सर स्वतःच्या पैशानं अंडी आणून जिमखान्याच्या स्टोअररूममध्ये शेगडीवर उकडायला लागले.

एक दिवस सर डबा विसरले म्हणून त्यांच्या मिसेस तो घेऊन आल्या. मी तिथंच होतो. त्यांनी शेगडीकडे बघितलं, झाकण उचललं, परत ठेवलं.

"कुणासाठी हे?"

"पोरींसाठी," सर म्हणाले. "उपाशीपोटी पळतात ग."

"द्या की मग पोटभर." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "पातेलं मात्र माझ्या माहेरचं आहे. आता ते घरी आणू नका."

०

मुलींच्या खो-खोची टीम रेल्वेनं बेळगावला चालली होती. अळणावरला गाडी थांबली. आमच्या कॅप्टन रेणुकाचे आई-अप्पा एक मोठं गाठोडं घेऊन प्लॅटफॉर्मवर उभे होते. अप्पा लाकडाच्या वखारीत कामाला. खिडकीतून गाठोडं आत देत म्हणाले, "कॉलेजात पैसे नाहीत म्हणून ही सांगत होती. उपाशी खेळायचं कसं?"

जोंधळ्याच्या भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी. सगळ्या टीमला दोन्ही वेळा पुरलं. सर पैसे द्यायला लागले, तसे अप्पांनी हात मागं घेतले. "भाकरीचे पैसे घेतात काय कुठं?"

जेवणाचा ॲडव्हान्स तसाच राहिला. तो परत करायला मी ऑफिसात गेलो. हेडक्लार्क नोटांकडे बघत बसले. "सर, जिमखान्यानं पैसे परत आणले असं कधी झालेलंच नाही. घेऊ कुठल्या खात्यात?" शेवटी ते वैतागले. "पुढच्या वेळी नीट खर्च करून या बघा."

०

आता यंदाचं सांगतो. आमच्या प्रिन्सिपल मॅडम कडक. बजेटच्या मीटिंगमध्ये त्यांनी मुलींच्या खो-खोवर सरळ काट मारली. "एक टीम कमी करायलाच हवी. खो-खो बघायला येतं तरी कोण?" गदगच्या स्पर्धेत नाव आधीच गेलं होतं. तिथं मुलींनी स्वतःच्या खर्चानं जावं, आणि ती शेवटची, असं ठरलं.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही बसस्टँडवर जमलो, तेवढ्यात टीमबरोबर येणाऱ्या लेक्चरर बाईंचा फोन आला. सासूबाईंना हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. बाई स्टाफ बरोबर नसेल तर मुलींना खेळू देत नाहीत. सरांनी सगळ्यांना फोन लावून बघितले. मुली बॅगांवर बसून राहिल्या. रेणुका फायनल इयरला, तिनं तोंड फिरवून घेतलं. शेवटचा फोन सरांनी मॅडमना केला, टीम जात नाही एवढं सांगायला.

कंडक्टर घाई करत होता. तेवढ्यात रिक्षातून मॅडम उतरल्या. कॉटनची साडी, पायात कॅनव्हासचे बूट. "बाई स्टाफ लागते ना? चढा."

मॅच आम्ही हरलो, ते आधीच सांगून टाकतो. पण मॅचच्या आधी मुली सराव करत होत्या. एकीला बस लागली होती, ती झाडाखाली पडून होती. त्यामुळं बसलेल्या मुलींच्या रांगेत एक चौकोन रिकामा राहिला. मॅडमनी पर्स माझ्या हातात दिली. पदर खोचला, बूट काढून ठेवले आणि त्या चौकोनात जाऊन बसल्या. दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, एक पाय मागं, मान ताठ, आणि शेजारच्या दोघींच्या बरोबर उलट दिशेला तोंड.

पळत आलेली रेणुका त्यांच्या पाठीमागे येऊन थबकली.

मॅडमनी वळून बघितलं नाही.

"थांबलीस का ग? खो दे."